सात नंबरच्या प्रेसवरचा सुविचार

२४ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज अमृता मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. ही आमची नवी एचआर, वयानं माझ्या पुतणीएवढी. म्हणाली, "आप्पासाहेब, चार मार्चपासून सुरक्षा सप्ताह आहे. सहा तारखेला पुण्याची पार्टी आपली कंपनी बघायला येणार आहे. या वर्षी सगळे बोर्ड तुम्ही करा. मराठीत, आपल्या लोकांना वाचावेसे वाटतील असे."

एकतीस वर्षं टाइम ऑफिसात हजेरी घेतोय आणि एकतीस वर्षं गेटजवळच्या फळ्यावर रोज सकाळी सुविचार लिहितोय. त्या फळ्याशेजारी 'अपघाताविना दिवस' असा एक छोटा बोर्ड आहे, त्यावरचा आकडाही मीच रोज बदलतो. पण 'तुम्ही करा' असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. केबिनबाहेर आलो तर पाय जमिनीला लागेनात. तीस एप्रिलला रिटायर होणार. जाता जाता काहीतरी आपल्या नावाचं मागं राहील, म्हणून ही वही काढली.

प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा साच्यात दाबणाऱ्या मशीनच्या शेडच्या, भिंतीवर आत्तापर्यंत इंटरनेटवरून काढलेली चित्रं आहेत. एकात बर्फाचा डोंगर आणि टोकावर हात पसरलेला माणूस. एकात आठ गोरी माणसं लांबलचक होडी वल्हवतायत, खाली इंग्रजीत काहीबाही. आमच्या पोरांनी होडी पाहिलीय कुठं? त्या होडीमागं तंबाखूच्या पुड्या ठेवतात, तेवढाच तिचा उपयोग होतो.

२७ फेब्रुवारी

तीन दिवस डोकं खाजवतोय. मोबाइल उघडला की गुड मॉर्निंगचे ढीग. हल्ली सुविचारात विचार कमी आणि सिंह जास्त झालेत. पुतण्याच्या अभ्यासिकेतही सिंहच, शेजारच्या जिममध्येही सिंह, न्हाव्याच्या दुकानात आरशावर सिंह. दाढी करून घेणाऱ्या माणसानं सिंहाकडून काय शिकायचं ते मला कळत नाही.

आज जेवताना सुचलं. 'सावध हात, भरलं ताट.' चार शब्द. आशाला ऐकवलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "ताट म्या भरते. तुमचे हात कुठं असतेत तवा?" तिला असल्या गोष्टीतलं कळत नाही, पण मग तिनंच दोनदा गुणगुणल्यासारखं म्हणून पाहिलं. म्हणजे जमलंय.

अक्षर मी स्वतः काढणार. फ्लेक्सवाला म्हणतो, कॉम्प्युटरवर पन्नास प्रकारचे फॉन्ट आहेत. म्हटलं, असू देत. माझं अक्षर स्कॅन करून छाप.

२ मार्च, रविवार

क्रांती चौकातल्या दुकानातून बोर्ड घेतले आणि सुट्टी असून कंपनीत गेलो. वाळूजला पोचायला अकरा वाजले. आत वॉचमन सोडून कुणी नाही. मशीन बंद असली की प्रेस शॉप ओळखीचा वाटत नाही. एरवीही तिकडं माझं फारसं जाणं नसतं. माझं जग गेटपासून टाइम ऑफिसपर्यंत.

नऊ बोर्ड, नऊ प्रेस. पण मशीनवर काय घाण करून ठेवलीय. पुठ्ठे, चिठ्ठ्या, जुनी कॅलेंडरची पानं, कुणाच्या तरी पोराचा फोटो, सगळं सेलोटेपनं डकवलेलं. पार्टी येणार आणि हे बघणार. सगळं ओरबाडून काढलं. सात नंबरवर तर खोक्याचा फाडलेला पुठ्ठा होता, ग्रीसनं माखलेला, खडूनं रेघोट्या मारल्यासारखं अक्षर. त्यात 'स्प्रिंग' एवढं वाचता आलं आणि खाली धोंडिबाचं नाव. धोंडिबा आमचा फिटर. हाताला सोनं आहे माणसाच्या, पण अक्षर बघवत नाही. सगळा कचरा स्क्रॅपच्या पिंपात टाकला.

'सावध हात, भरलं ताट' बरोबर सात नंबरवर लावला. दारातून आत येताना पहिली नजर तिथंच जाते. दूर उभा राहून बराच वेळ बघत होतो. वॉचमन म्हणाला, "आप्पा, लग्नाच्या मांडवावानी दिसायलं." चेष्टा असेल, पण मला आवडलं.

४ मार्च

सुरक्षा सप्ताह सुरू. सकाळी सगळ्यांनी शपथ घेतली. मोठ्या साहेबांनी माईकवरून माझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. आकडा ४१२.

शफी मुद्दाम गेटवर थांबला. हा खुलताबादचा, प्रेसवर अकरा वर्षं झाली, मोटरसायकलवर येऊन-जाऊन करतो. रोजे चालू आहेत, तरी चेहरा हसरा. म्हणाला, "आप्पा, ये सावध हातवाला एकदम भारी. माझ्या आबेदाला फोटो पाठवला." मी म्हटलं, रोजा असताना भरलं ताट वाचून त्रास नाही ना होत? तो म्हणाला, "शामको होताच है ना भरलेलं."

६ मार्च, गुरुवार

लिहिण्याची इच्छा नाही, पण लिहितो.

साडेअकराला पुण्याची माणसं कॉन्फरन्स हॉलमध्ये समोसे खात होती. मी हजेरीचा गोषवारा काढत बसलो होतो. प्रेस शॉपमधून आरडाओरडा आला आणि एकदम सगळी मशीन बंद झाली. शफीला दोघांनी धरून बाहेर आणलं. उजवा हात मशीन पुसायच्या चिंध्यांच्या बोळ्यात गुंडाळलेला. तो रडत नव्हता. माझ्याकडं बघितलं त्यानं, पण ओळख दिली नाही. कंपनीच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

पाहुण्यांना मागच्या दारानं पेंट शॉपकडं नेण्यात आलं.

सुपरवायझर सुदर्शनचं म्हणणं असं की तीन नंबरची प्रेस अडकली, पाहुण्यांना चालू लाइन दाखवायची होती, म्हणून शफीला सात नंबर चालवायला सांगितली. सात नंबर दहा दिवस बंद होती, पण का बंद होती ते आपल्याला ठाऊक नव्हतं. पॅडलवरून पाय काढल्यावरही प्रेस दुसऱ्यांदा खाली आली, असं बाजूचे लोक म्हणतात.

सात नंबर.

७ मार्च

सकाळी फडकं घेऊन छोट्या बोर्डपुढं उभा राहिलो. अपघात झाला म्हणजे शून्यावर यायला हवं. अमृता मॅडमला विचारलं. ती साहेबांकडं जाऊन आली. म्हणाली, "चौकशी होईपर्यंत आकडा चालू ठेवा. अपघात की कामगाराची चूक, ते अजून ठरायचंय."

मी ४१५ लिहिला. पहिल्या शिफ्टची सगळी पोरं तिथूनच आत गेली. एकानंही बोर्डकडं मान वर केली नाही.

८ मार्च

धोंडिबा टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. डोळे तांबडे झालेले. म्हणाला, "आप्पा, म्या पुठ्ठा लावला व्हता सातला. स्प्रिंग मोडली, प्रेस आपोआप पडती, चालवू नका, असं लिवलं व्हतं. सुदर्शनसाहेबाला तोंडी बी सांगितलं. आता त्यो म्हनतो, मला नाय म्हाईत. आन् पुठ्ठा कुठं गेला?"

त्याच्याकडूनच आज कळलं की प्रेस शॉपमध्ये पूर्वापार असंच चालतं. मशीन बिघडली की फिटर पुठ्ठा लावतो आणि दुरुस्त झाली की तोच काढतो. दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. त्याचं कुठं रजिस्टर नाही, पुठ्ठा हेच रजिस्टर. एकतीस वर्षं मी या कंपनीत आहे आणि मला हे माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "बघतो." काय बघणार होतो?

जेवण गेलं नाही. आशाला ॲसिडिटी म्हणून सांगितलं.

९ मार्च

स्वतःशी शांतपणे विचार केला. त्या दिवशी मी पंधरा-वीस कागद काढले. कुठला कुठल्या मशीनवरचा होता हे छातीठोक सांगता येईल का? सातवर एक होता, बरोबर. पण तो तोच होता कशावरून? आणि मला बोर्ड लावायचा हुकूम होता. स्वच्छ करा असं साहेबच म्हणाले होते. सुदर्शनला धोंडिबानं सांगितलं असेल तर मुख्य दोष सुदर्शनचा ठरतो. माझा आला तरी कितीसा?

मागं २ मार्चचं पान उघडून वाचलं. तिथं 'सात नंबर' असं स्वच्छ लिहिलंय. माझ्याच अक्षरात.

१२ मार्च

चौकशी झाली. साहेब, अमृता मॅडम आणि सुदर्शन एका बाजूला. जबाब हातानं लिहून घ्यायची कंपनीची जुनी पद्धत आहे आणि लिहून घेणारा मी. सुदर्शनचा जबाब लिहिला. 'सदर कामगाराचा उपवास असल्याने अशक्तपणा येऊन लक्ष विचलित झाले व हात साच्यात गेला.' लिहिताना पेन थांबलं. अकरा रमजानांची शफीची हजेरी मी स्वतः लावलीय. एका दिवशीही त्याला कधी चक्कर आली नाही, कधी खरचटलं नाही. साहेब म्हणाले, "लिहा, आप्पा." लिहिलं.

मग धोंडिबाला आत घेतलं. तो पुठ्ठ्याचं सांगायला लागला. साहेबांनी विचारलं, पुठ्ठा कुठंय? धोंडिबा माझ्याकडं वळला. म्हणाला, "आप्पा, तितं बोर्ड तुम्हीच लावला न्हवं? तवा दिसला असंल की पुठ्ठा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मनाशी ठरवून गेलो होतो की विचारलं तर सांगायचं. खरंच ठरवलं होतं.

"मला आठवत नाही," म्हणालो.

धोंडिबाच साहेबांना म्हणाला, "आप्पांचं वय झालं, साहेब. नसंल ध्यानात ऱ्हायलं." त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं. माझा जबाब मीच लिहिला आणि खाली सही केली.

१५ मार्च

धोंडिबाला कामावरून कमी केलं. देखभालीत हलगर्जी. नोटीस टाइप करून फळ्यावर लावायची होती, प्रिंटर बंद पडला, म्हणून मॅडम म्हणाली, हातानेच लिहा.

सुविचाराच्या जागी ती लिहिली. आज सुविचार लिहिला नाही.

१८ मार्च

संध्याकाळी घरी भामाबाई आल्या. धोंडिबाची बायको. मुकुंदवाडीतच आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहतात. खुर्चीवर बसेनात, खालीच बसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा शबुद साहेब मोडत नाय म्हनत्यात. येकडाव सांगा की, ह्येंनी पुठ्ठा लावला व्हता म्हनून. चोरीचा आळ परवडला, पर ह्येंच्यामुळं त्या पोराचा हात गेला असं लोक म्हनायलेत. ते घरातून भायेर पडंनात. जेवत बी नाय."

मी काही बोलायच्या आत आशाच म्हणाली, "सांगतेल की हे. का नाय सांगनार? एवढी वर्सं लोकायला शहाणपन शिकिवलंय त्येंनी." आणि माझ्याकडं असं बघितलं की मला मान हलवावीच लागली. भामाबाई हात जोडून गेल्या. आशानं त्यांना पिशवीत शेवया दिल्या.

मला फार भीती वाटते. नोकरीची नाही, ती तशीही संपलीच आहे. लोक काय म्हणतील याची वाटते. ज्यानं भिंतीवर सुरक्षा लिहिली त्यानंच. हे वाक्य मला पुरं करता येत नाही.

२१ मार्च

अमृता मॅडमनी बोलावलं. वाटलं, कळलं हिला. तर म्हणते, "रिटायर झाल्यावरही दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर राहाल का? पुण्याच्या पार्टीला तुमचे बोर्ड फार आवडले. तुमच्या ओळी घेऊन कॅलेंडर काढू या, खाली तुमचं नाव." मग दाराकडं बघून हळूच म्हणाली, "तुम्ही चौकशीत नीट सांभाळलंत, असं साहेब म्हणत होते."

मी सांभाळलं? मी म्हटलं होतं, आठवत नाही. सांभाळलं म्हणजे यांना काय माहीत आहे? की काहीच माहीत नाही आणि ते नुसतंच बोलले? मी 'हो' म्हणून आलो. कॅलेंडरचंही.

२६ मार्च

आमच्या मुकुंदवाडीच्या ग्रुपवर सकाळी एक चित्र आलं. उगवता सूर्य, पुढं गर्जना करणारा सिंह आणि मध्ये 'सावध हात, भरलं ताट'. माझं अक्षर पुसून छापील टाकलेलं, नाव कुणाचंच नाही. प्रेस शॉपमधल्या कुणीतरी फोटो पाठवला असणार, पुढं तो फिरत फिरत इथवर आला. खाली चौदा जणांनी हात जोडलेत. पुतण्यानंही. धोंडिबाही त्या ग्रुपवर आहे.

महिन्यापूर्वी असं झालं असतं तर मी गल्लीभर सांगत फिरलो असतो. आज फोन पालथा ठेवला.

कंपनीत सात नंबरवरचा बोर्ड तसाच आहे. स्प्रिंग बदलली, प्रेस चालू झाली, नवा मुलगा बसतो. बोर्ड काढू का, असं मॅडमला विचारलं. म्हणाली, "का? काढला तर लोक उगाच चर्चा करतील." आकडा ४३४.

१ एप्रिल, मंगळवार

काल ईद झाली. आज अर्धी रजा टाकून खुलताबादला गेलो. आशाला सांगितलं, शफीला भेटून येतो. ती म्हणाली, "आन् भामाबाईंचं काम?" म्हटलं, त्याचसाठी जातोय. बसमध्ये सगळी वाक्यं मनात जुळवली. वाक्यं जुळवायची मला सवय आहे.

वेशीच्या आत गेल्यावर उजव्या हाताला त्याचं घर. दारात पडदा, आत एक खोली, मागं स्वयंपाक. शफी पलंगावर बसला होता. हात गळ्यात बांधलेला, बँडेज कोपरापर्यंत. उठायला लागला, मी बसवलं. दाढी वाढलीय. आबेदानं शिरखुर्मा आणून ठेवला. जवळजवळ चार आठवड्यांत कंपनीतून कोण कोण आलं, असं विचारलं, तर शफी म्हणाला, "धोंडिबामामा आले व्हते दोनदा. बाकी कोई नाय."

धोंडिबा इथं येऊन गेला होता. घरातून बाहेर पडत नाही म्हणाल्या होत्या ना भामाबाई? इथं तेवढा आला.

मग मी विचारायच्या आधीच शफी सांगायला लागला. "आप्पा, मला रोज्याची चक्कर नव्हती. अल्लाकसम नव्हती. तो पुठ्ठा मी रोज बघायचो, येता-जाता. मामाशिवाय कुणी काढत नाय, आपल्यात तसंच है. त्या दिवशी साहेब बोले, सात चालव. मी बघितलं तर पुठ्ठा नाय आन् तिथं तुमचा नवा कोरा बोर्ड. मी समजलो, बन गया मशीन. एवढा चांगला बोर्ड लावला म्हणजे ठीक करूनच लावला असंल. बिनधास्त बसलो." मग म्हणाला, "मामा बोलतात, आपण नाय काढला. मग कुणी काढला असंल, आप्पा?"

जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"मी काढला," म्हणालो. "घाण दिसत होता म्हणून. वाचलाही नाही."

आबेदा आत निघाली होती, ती पडद्याशी थांबली. शफी डाव्या हातानं बँडेजचं टोक खोचत राहिला, ते सारखं सुटत होतं. मला वाटलं, तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, माझं चुकलं, शफी, मला झोप नाही. आणखीही काय काय म्हटलं. रडूही आलं.

माझं रडणं थांबेपर्यंत तो थांबला. मग विचारलं, "साहेबाला सांगितलं?"

"नाही."

"मामाला?"

"नाही."

"पंधरा तारखेला कामगार ऑफिसात बोलावलंय. पुठ्ठा होता असं एकानं जरी लिहून दिलं तरी मला भरपाई मिळंल आन् मामाचंबी सुटंल, असं वकील बोलला. तिथं लिहून देणार?"

मी म्हटलं, "बघतो."

शफीनं माझ्याकडं बघितलं. सहा मार्चला त्याची नजर जशी माझ्यावरून गेली होती, तशीच आजही गेली. म्हणाला, "मग मला कशाला सांगताय, आप्पा?"

आबेदानं शिरखुर्म्याची वाटी उचलून आत नेली. मी चपला घातल्या.

सहाला घरी आलो. आशानं विचारलं, झालं का काम? मी म्हटलं, झालं. ती लगेच डोक्यावर पदर घेऊन भामाबाईंना सांगायला गेली. मी तिला थांबवलं नाही.

पंधरा तारखेला अजून चौदा दिवस आहेत. ही वही सोडली तर मी हे अजून कुठंही लिहिलेलं नाही.